आई कुठंय

आई वारली हे दादांना, माझ्या वडलांना, मी रोज सात-आठ वेळा सांगायचो.

ते विचारायचेच तसं. "भिका, तुझी आई कुठंय रे?" मी खरं सांगायचो. मग त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. छाती पिटायचे. "मी होतो का मयताला?" विचारायचे. होता म्हटलं की आणखी रडायचे. दहा मिनिटांनी सगळं पुसलेलं. पुन्हा, "आई कुठंय?"

सुरुवातीला मीही रडायचो. ब्याऐंशी साल उजाडेपर्यंत मी ते कांदा चिरता चिरता सांगायला लागलो होतो. काहीच वाटायचं नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात सेकंड शिफ्टला जायचं असायचं, तेवढंच डोक्यात.

शेजारच्या सुलामावशी दुपारी दादांजवळ बसायच्या. एकदा दारातूनच म्हणाल्या, "काय रे, आज किती वेळा मारलंस आईला?"

"मग खोटं बोलू? आख्ख्या कॉलनीला पंचशील दादांनी शिकवलं. खोटं बोललो म्हणून मी मार खाल्लाय त्यांचा."

"मोठा आला भन्तेजी!" मावशी आत आल्या. माझ्या हातातली सुरी काढून घेतली. हळूच म्हणाल्या, "त्यांचं सोड. तुझी पण आईच होती ना ती? रोज सात वेळा तुलाबी ऐकावं लागतं की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त सांगणारा होतो.

दादा खाटेवर उठून बसले. "आई कुठंय रे?"

तोंड उघडलं. ते शब्द निघेनात.

"सिन्नरला गेलीय. कुसामावशीकडं."

"न सांगता?"

"तुम्ही झोपला होता."

"पाय ठरत नाय तिचा घरात," दादा चिडले. "येऊ दे, बघतोच." आणि भाकरी मागितली.

मावशींनी दोन ताटं वाढली, एक माझ्यापुढं सरकवलं. मी एरवी ओट्याशी उभ्यानंच खायचो. बसलो. बरं वाटलं असं नाही. पाठ भिंतीला टेकली, एवढंच कळलं.

"ती जेवली असंल का?" दादांनी विचारलं.

"जेवली."

"काय खाल्लं?"

आता सांगणं आलं. "मेथीची भाजी. लसूण जास्त घालून."

"मग दोन भाकरी खाल्ल्या असतील," दादा म्हणाले.

"तीन," मी म्हणालो. पाणी प्यायलो आणि पुढं जेवायला लागलो.