चेरीखालचा ठिपका

नणंद किर्याका गेल्याचं वेलिकाला वाईट वाटलंच, पण किर्याकाच्या फाटकावर चिकटवलेला फोटो पाहून वेलिकाचा पाराच चढला. गावात कुणी गेलं की फोटो आणि नाव छापलेला कागद फाटकावर लागतो, बसथांब्यावर लागतो, बेकरीच्या दारावरही लागतो आणि ऊनपाऊस खात महिनोन्महिने तिथेच राहतो. तिचा फोटो ओळखपत्रावरचा होता. जन्मभर खळखळून हसलेली बाई त्यात कोंबडीचोर दिसत होती.

"माझंही असलंच थोबाड गाव बघत बसणार? मुळीच नाही," वेलिकाने शेजारच्या मेतोदीला बजावलं. "माझा फोटो आत्ताच काढून ठेव. माझ्या चेरीखाली. पानं लाल आहेत तोवर."

जूनमध्ये चेरीचं कौतुक सगळेच करतात, कारण तेव्हा तोंड गोड होतं. ऑक्टोबरात तीच चेरी शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लालकेशरी होते, तेव्हा मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. वेलिकाला होती. मुलगा झाला त्या वर्षी तिने ते झाड लावलं होतं. मुलगा स्पेनला गेला, झाड कुठे गेलं नाही. तिचा त्या झाडावर भारी जीव होता.

मेतोदीने तरुणपणी आसपासच्या गावांतली सगळी लग्नं कॅमेऱ्यात पकडली होती. पण नवरीमागे अख्खं झाड मागणारी बाई त्याला आजवर भेटली नव्हती. जवळून काढलं की वेलिका आणि नुसतं खोड. म्हणून तो मागे सरकत सरकत, रस्ता ओलांडून, समोरच्या भोपळ्यांत जाऊन उभा राहिला.

"शेंडा आला का?" कमरेवर हात ठेवून वेलिका ओरडली.

"शेंडा आला, पण तू गेलीस!"

"अरे, गेल्यावर लावायलाच तर काढतोयस!"

शनिवारी मेतोदी शहरातून फोटो छापून घेऊन आला. झाड असं आलं होतं की वेलिका बघतच राहिली. मग तिने चष्मा पुसला. झाडाखाली एक काळा ठिपका होता.

"ही मी?" तिचा आवाज उतरला. "मला कोण ओळखणार यात?"

"आणखी एक," मेतोदी कान खाजवत म्हणाला, "ते कागद काळेपांढरेच छापतात. तुझी चेरी काजळी सांडल्यासारखी दिसेल."

"मग आधी नाही का सांगायचंस, शहाण्या?"

"तू बोलू दिलंस तर ना!"

वेलिका तिरीमिरीत उठली. मेल्यावर रंग दिसणार नसेल, तर जिवंतपणीच दिसू दे. तिने डिंक काढला आणि तो फोटो स्वतःच्या फाटकावर चिकटवून टाकला. गावात फाटकावरच्या फोटोचा एकच अर्थ होतो, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी ती कॉफी ओतत होती, तर फाटकाशी कुणीतरी हमसून हमसून रडत होतं. बघते तर गल्लीच्या टोकाची ग्रोझ्दा! तिच्या शेळीने वेलिकाचा कोबी फस्त केला तेव्हापासून दोघींचा अबोला होता.

"वेलिके, भांडण मिटायच्या आधीच गेलीस गं! आता मी भांडू कुणाशी?"

वेलिकाने फाटक उघडलं. ग्रोझ्दाने किंकाळी फोडली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"बये! जिवंत आहेस?"

"मग काय! कॉफी पितेय. पण मला सांग, कागदावर नाव नाही, गाव नाही. एवढासा ठिपका. ती मीच, हे तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे?" ग्रोझ्दाने नाक पुसलं. "त्या झाडाखाली कमरेवर हात ठेवून दुसरं कोण उभं राहतं? रोज तिथूनच तर माझ्या शेळीला शिव्या घालतेस. डोळे मिटून ओळखेन."

इतकं बरं वेलिकाला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तिने ग्रोझ्दाच्या हाताकडे पाहिलं. शेवंतीची चार फुलं होती. गावात मेलेल्याला फुलं जोडीजोडीने वाहतात. जिवंत माणसाला देताना एक कमी नाहीतर एक जास्त. वेलिकाने त्यातलं एक उपटलं आणि ग्रोझ्दाच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाच्या गाठीत खोचलं.

"आता बरोबर झालं," ती म्हणाली. "चल आत, कॉफी निवतेय."