आमेन नावाचा मॅनेजर

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, वारं आत येतंय. आज चॅपलातला उपदेश ऐकलात ना? आधी साधं बोलणं, मग त्या बोलण्याला हळूहळू चढत जाणारा सूर, आणि शेवटी शब्द कुठे संपला नि गाणं कुठे लागलं हेच कळेनासं होतं. तो सूर कानात आहे तोवर एक गोष्ट सांगून घेतो. सुरातली नाही, पण खरी लागेल.

बेसबॉलच्या शौकिनांना एक नाद असतो. जुन्या काळच्या मॅनेजरांची विचित्र नावं एकमेकांना विचारायची आणि खो खो हसायचं. कोणी ‘लोणी’ मॅकगिल, कोणी ‘दीड’ हॅलोरन, कोणाचं नाव आईबापांनीच हौसेनं बायबलातलं हबक्कूक ठेवलेलं. त्यांत ‘आमेन’ इव्हान्स हमखास निघतो. हा कुठला? कार्मेलचा, खाणवाल्यांच्या संघाचा. नाव असं का? म्हातारा देवभोळा असणार, उठता-बसता आमेन म्हणत असणार. बरोबर, एक गुण, पुढचा प्रश्न. नाव सगळ्यांना पाठ आहे हो. ती शनिवारची दुपार कोणाला ठाऊक नाही.

त्या दुपारी लिंडनपोर्टच्या मैदानाकडेला उभा राहून एलायस इव्हान्स डोक्यावरची गोल टोपी सारखी करत होता, तेवढ्यात कोणीतरी त्याची बाही ओढली. स्टेशनातला तारमास्तर होता. धावत आल्यामुळे त्याला धाप लागली होती.

“तुम्ही कार्मेलचे मॅनेजर ना? तुमच्या खाणीत छत कोसळलंय. सकाळच्या पाळीत.”

एलायसचा हात टोपीवरच राहिला.

“किती?”

“एकच गेला म्हणे. बाकीचे वर आले. तार दुसऱ्याच स्टेशनाला चालली होती, मी जाता जाता ऐकली. इव्हान इव्हान्स.”

“कुठला?”

“कुठला म्हणजे?” तारमास्तर बुचकळ्यात पडला. “इव्हान इव्हान्स. असे किती असतात?”

कार्मेलात तीन होते. वेल्समधून इकडे अमेरिकेत येताना आमच्या लोकांनी प्रार्थना आणल्या, गाणी आणली, आडनावं मात्र मूठभरच आणली. म्हणून तिथे माणसाला बारशाच्या नावानं कोणी हाक मारत नसे. हा स्वतः टोपी एलायस, कारण जन्मभर खाणीत राबलेला माणूस मॅनेजर झाल्यापासून साहेबासारखी टोपी घालून फिरायचा. आणि तीन इव्हान. एक उद्या इव्हान, कोणाचंही अवजार मागून न्यायचा नि विचारलं की “उद्या देतो” म्हणायचा. दुसरा भोपळा इव्हान, सुगीच्या जत्रेत त्यानं एवढा मोठा भोपळा आणला होता की तो ठेवायला चॅपलचा बाक रिकामा करावा लागला. तिसरा शीळ इव्हान.

सकाळच्या पाळीला तिघंही उतरत. पण कंपनीच्या हापिसात टोपणनावांना थारा नव्हता. तिथे तिघंही नुसते इव्हान इव्हान्स.

“परत विचारता येईल? बापाचं नाव विचारा. घर विचारा.”

“बघतो. आता तार रेल्वेच्या कामाला अडकलीय. कळलं तर येतो.”

तो गेला. एलायसनं मैदानाकडे पाहिलं. तिसऱ्या बेसवर गोमर उभा होता, गुडघ्यांवर हात टेकून, तोंडात गवताची काडी. उद्या इव्हानचा मुलगा. मधोमध पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टॅली चेंडू पँटला पुसत होता. भोपळा इव्हानचा धाकटा भाऊ. आणि शीळ इव्हान हा एलायसचा स्वतःचा मुलगा. एकुलता.

त्या पोराला शीळ घातल्याशिवाय पाऊल उचलता येत नसे. खाणीत शीळ घालायची नसते. डोंगराला राग येतो म्हणतात. म्हाताऱ्या खाणवाल्यांनी दोनदा समजावलं होतं, एकदा कानाखालीही दिली होती. एलायसनं त्यावर काय म्हटलं होतं? हसला होता. “राहू दे, तेवढीच मला वरून ओळख पटते,” असं म्हणाला होता.

बाकावर बसायला हवं होतं, पण बाकापर्यंत चालत जायचं कसं ते सुचेना.

डाव संपला. पोरं पळत आली, धुळीनं माखलेली. हातमोजे त्या काळी बहुतेकांकडे नसत, टॅलीची करंगळी टम्म सुजली होती.

“काका, तोंड असं का केलंय?” गोमरनं विचारलं. “पुढे आम्ही आहोत. हरणाऱ्यांनी करायचं असतं तसं.”

“ऊन लागलं असेल.”

“एवढी छपरासारखी टोपी घालून?” टॅली म्हणाला, आणि सगळे हसले.

एलायस हसला नाही. सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तोंडही उघडलं. मग त्याला दिसलं की सांगितलं तरी कार्मेलची गाडी सव्वापाचलाच आहे. त्याआधी चालत निघालं तर रात्र होईल. शिवाय धडधाकट खेळाडू मधूनच निघून गेला तर त्या काळी बदली माणूस घेता येत नसे. नवाचे आठ झाले की सामना गेलाच. ही सगळी कारणं खरी होती. त्यानं ती एकामागून एक मनात मांडली आणि तोंड मिटलं. खरं कारण ह्यांतलं एकही नव्हतं. जोवर सांगत नव्हता तोवर ते मरण तिघांत वाटलेलं होतं. बोललं, की ते कोणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणार होतं.

तो प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या दोराजवळ गेला. टोपी काढून छातीशी धरली आणि डोळे मिटले. देवा, माझा नको.

डोळे उघडले तर समोर गोमर बॅट खांद्यावर टाकून चालला होता. एलायसनं घाईनं टोपी घातली, जणू आत कोणी वाकून पाहिलं असतं. मग पुन्हा काढली. देवा, कोणाचाच नको, असं म्हणू लागला. पण जे झालंय ते झालंय, हे त्याला आणि देवाला दोघांनाही माहीत होतं. मग उरलं काय? माझा नको. म्हणजे गोमरचा बाप घे, नाहीतर टॅलीचा भाऊ घे. चाळीस वर्षं गुडघे टेकून प्रार्थना केलेला माणूस, पण प्रार्थनेला असं उलटं करून त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“अहो टोपीवाले!” पलीकडून लिंडनपोर्टचा एक जाड्या ओरडला. “टोपीत काय शोधताय? पुढचा पिचर?”

लोक हसले, आणि त्याच क्षणी फाडकन आवाज झाला. गोमरनं चेंडू लांब, कुंपणाच्या अंगाला धाडला होता. तो पळत सुटला. पहिला बेस, दुसरा, तिसऱ्याकडे पोटावर घसरत गेला नि धुळीतून उठून दोन्ही हात वर केले.

“काका!” तिथूनच तो ओरडला. “घरी गेल्यावर हे बाबांना तुम्ही सांगायचं हं! मी सांगितलं की त्यांना थाप वाटते!”

एलायसनं टोपीची कड खाली ओढली.

“तूच सांग,” तो म्हणाला. ते इतकं हळू होतं की शेजारी उभ्या असलेल्या टॅलीलाच ऐकू गेलं.

“काय झालंय काका?” टॅलीनं विचारलं. या वेळी थट्टेनं नाही.

“काही नाही. करंगळीला पट्टी बांध.”

तारमास्तर परत आला नाही. दर थोड्या वेळानं एलायस स्टेशनच्या रस्त्याकडे बघे. रस्त्यावर एखादी गाडी, एखादा कुत्रा. एकदा लांबून एक माणूस झपझप येताना दिसला, तेव्हा एलायसनं बाकाची पाठ घट्ट धरली. माणूस मैदान ओलांडून दारूच्या गुत्त्यात शिरला. सामना कार्मेलनं एका धावेनं जिंकला. नंतर विचारलं असतं तर त्याला ती धाव कोणाची ते सांगता आलं नसतं. स्टेशनवर तारेची खिडकी बंद होती.

गाडीत पोरांनी गाणं धरलं. आमची माणसं जिंकली तरी गातात, हरली तरी गातात, आणि चार सुरांत गातात. एलायस डब्याच्या दारात, बाहेरच्या पायरीपाशी उभा होता. कोळशाचे ढीग दिसू लागले. वारा तोंडावर येत होता नि तरी कपाळ ओलं होतं.

गोमर आतून आला.

“काका, चला ना आत. खालचा सूर कमी पडतोय. बाबा असते तर प्रश्न नव्हता.”

“जा तू. येतो.”

“तुमची तब्येत खरंच बरी नाही,” गोमर म्हणाला, आणि आत न जाता तिथेच त्याच्या मागे, आधार द्यावा तसा, उभा राहिला.

आता सांग. आता तरी. एलायसचे ओठ हलले. तेवढ्यात ब्रेक लागले.

फलाटावर माणसं होती, पण कोणी हात हलवत नव्हतं. डब्यातलं गाणं एकेका सुरानं गळत गेलं. आधी वरचे थांबले, मग मधले. बायकांनी शाली तोंडापर्यंत ओढल्या होत्या. एलायस त्यांत आपल्या बायकोला, मार्गेडला शोधू लागला. सगळ्या शाली सारख्याच दिसत होत्या.

कार्मेलची रीत अशी, की खाणीनं माणूस घेतला तर ती बातमी चॅपलच्या डीकननंच, म्हणजे तिथल्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यानंच, घरच्यांना द्यायची. तो बोलल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा सांगायचं नाही. म्हातारा डीकन मॅडॉक टोपी हातात घेऊन डब्यांच्या कडेनं येत होता. पहिला डबा त्यानं सोडला. दुसऱ्याच्या दाराशी आला आणि एलायससमोर थांबला.

एलायसनं दोन्ही बाजूंचे दांडे पकडले.

“एलायस,” डीकन म्हणाला.

“हं.”

“जरा बाजूला हो बाबा. मला गोमरशी बोलायचंय.”

“आमेन!”

केवढ्यानं! उपदेशाचा सूर अगदी वर पोचतो आणि सगळं चॅपल एका श्वासानं उत्तर देतं, तसं. एलायसच्या छातीच्या तळापासून आलं ते. सगळ्या फलाटानं ऐकलं. बायकांनी माना वर केल्या. कुठेतरी मागे, एका शालीतून, मार्गेडच्या हुंदक्यासारखं काहीतरी आलं.

मग एलायसनं मान वळवली. गोमर डीकनकडे बघत नव्हता. तो एलायसकडे बघत होता, आणि एलायसच्या तोंडावर अजून तो आनंद होता. तो पुसायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

“तुम्हाला माहीत होतं?” गोमरनं विचारलं.

“कोण ते माहीत नव्हतं.”

“मैदानावर असतानाच?”

“हो.”

गोमरनं गुडघ्यांवरची धूळ झटकली, एकदा, दोनदा, जणू धुळीत माखून घरी गेलं तर कोणी ओरडेल. मग एलायसला धक्का लागणार नाही अशा बेतानं, अंग चोरून तो खाली उतरला.

त्या संध्याकाळी एलायसच्या घरी तीन ताटं वाढली गेली. मुलगा परसात हात धुताना नकळत शीळ घालू लागला, तेव्हा बाप आतून म्हणाला, “आज नको रे.” बस, तेवढंच. मुलाच्या तोंडाकडे त्यानं जेवण होईपर्यंत पाहिलं नाही.

मातीला सगळं गाव गेलं. एलायस मागे उभा राहून खालचा सूर गायला. पुढच्या आठवड्यात पोरं सरावाला जमली. गोमर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, पण तो आला. तिसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला आणि बाकाकडे बघून म्हणाला,

“काय आमेन? चेंडू देणार का आज?”

टॅली दोघांच्या मधे यायला निघाला. एलायसनं चेंडू उचलला, स्वतः चालत तिसऱ्या बेसपर्यंत गेला आणि गोमरच्या हातात ठेवला.

“घे,” तो म्हणाला.

दुसरं कोणी असतं तर ते नाव तिथेच मेलं असतं. पोरं तोंडावर घ्यायला धजत नव्हती. पण दोन वर्षांनी संघाचं नाव झालं, शहरातून एक वर्तमानपत्रवाला आला, आणि त्यानं पेन्सिल चाटून विचारलं, “मॅनेजरचं नाव?”

“आमेन इव्हान्स.”

“हे खरं नाव?”

“गावात मला हेच म्हणतात.”

घरी मार्गेड कडाडली. “अहो, टोपी एलायस सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? जगभर करून ठेवलंत!”

“त्यानं विचारलं,” एलायस म्हणाला, “मी सांगितलं.”

असं ते छापलं गेलं आणि राहिलं. लोक हसतात, हसू द्या. आमेन इव्हान्सची आठवण ठेवायला पुस्तकं आहेत, शौकीन आहेत. तुम्ही घरी जाल तेव्हा माझं एवढं ऐका, दुसऱ्याच एकाची आठवण ठेवा. उद्या इव्हान. अवजार मागून न्यायचा, हे सगळे सांगत. पण परत द्यायचा तेव्हा धार लावून द्यायचा, हे त्याला मूठमाती दिल्यावर एकेका घरातून निघालं. कोणाची कुदळ, कोणाचा विळा. त्याच्या मुलानं त्या दिवशी चेंडू कुंपणापर्यंत मारला होता, आणि ते त्याला सांगायचं राहून गेलं.