हाडात रुजलेला पेच

मित्रांनो, मी एक जुना पेच आहे. टायटॅनियम धातूचा, तेरा मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर जाड. गेली एकोणीस वर्षे मी टोर्गनी लिंडवाल यांच्या वरच्या जबड्यात, पुढच्या दाताच्या जागी, हाडात उभा आहे. माझ्यावर बसवलेला पांढरा दात सर्वांना दिसतो. मी कोणालाच दिसत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

माझा जन्म गोथेनबर्गजवळच्या एका कारखान्यात झाला. एका लांब गजातून लेथवर मला कातले गेले, माझ्या अंगावर बारीक आटे पाडले गेले. त्यानंतर माझी कातडी मुद्दाम खडबडीत करण्यात आली, कारण गुळगुळीत धातूला हाड नुसते टेकते. खडबडीत धातूला ते बिलगते. मग मला धुऊन, निर्जंतुक करून एका छोट्या नळीत असे लटकवले की माझे अंग कुठेही टेकू नये. उघड्या हाताने मला आजवर कोणीही शिवलेले नाही. असा जन्म किती पेचांच्या वाट्याला येतो?

त्या काळी टोर्गनी त्रेसष्ट वर्षांचे होते. समुद्रकाठच्या त्यांच्या गावात पितळी वाद्यांचा एक बँड होता आणि त्यात एकतीस वर्षे पहिला कॉर्नेट, म्हणजे मुख्य सुरावट वाजवणारी आखूड तुतारी, त्यांचाच होता. कॉर्नेटचे तोंड ओठांवर टेकते, आणि ओठांना मागून आधार असतो तो पुढच्या दातांचा. त्या वर्षी मे महिन्यात होडीच्या शिडाचा आडवा दांडा वाऱ्याने फिरून तोंडावर आदळला आणि त्यांचा एक दात मुळापासून मोडला. बँडप्रमुख रूने त्यांचे शाळेपासूनचे मित्र होते. त्यांनी स्पष्टच सांगून टाकले की पुढच्या एप्रिलअखेरच्या, म्हणजे वसंताच्या स्वागताला बँड वाजतो त्या होळीपर्यंत जागा राखून ठेवतो; तोवर वाजवता आले नाही, तर पहिला कॉर्नेट दुसऱ्याला द्यावा लागेल. त्या आठवड्यातच टोर्गनींनी दंतवैद्य इल्वा यांची वेळ घेतली.

इल्वा वयाने त्यांच्या मुलीसारख्या. पण आमच्याकडे दंतवैद्य काय नि रुग्ण काय, सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. मोडलेले मूळ काढून ती जागा भरून येऊ दिल्यावर, ऑगस्टच्या मध्यावर माझी पाळी आली. आधी हिरडी बधिर केली. मग हाडात एकदम नव्हे, तर बारीक ड्रिलने सुरुवात करून क्रमाने जाड ड्रिल लावत भोक पाडले. वर थंड सलाइनची धार चालूच होती, कारण हाड तापले तर मरते, आणि मेलेल्या हाडात पेच रुजत नाही. टोर्गनींना दुखले नाही. डोक्यात कोणी सुतारकाम करत असल्यासारखे वाटले, एवढेच ते नंतर म्हणाले. शेवटी मला फिरवत आत बसवले, वर एक छोटे झाकण लावले आणि हिरडी शिवून टाकली.

मग इल्वांनी सूचनांचा कागद हाती दिला. दोन-तीन दिवस सूज येईल, बर्फाने शेकावे. मऊ खावे. तंबाखू नको. नळीने काही ओढून पिऊ नये, तोंडातल्या ओढीने जखम उघडते. कॉर्नेट सध्या बंद. टोर्गनींनी तो कागद स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला आणि प्रत्येक ओळ पाळली. निदान त्यांना तसे वाटले.

पाचव्या दिवशी रूने यांच्या अंगणात शेवंडींची मेजवानी होती. ऑगस्टमध्ये ती चुकवणारा माणूस आमच्या गावात एक तर आजारी असतो किंवा परगावचा. शेपूची फुले घालून मिठाच्या पाण्यात उकडलेल्या गोड्या पाण्यातल्या बोटभर लालभडक शेवंडी, कागदी टोप्या, गाणी. शेवंडीचे मांस मऊच असते, म्हणून टोर्गनी निर्धास्त बसले. पण ती नुसती खात नाहीत. आधी कवचाला तोंड लावून आतला खारट रस जोरात ओढून घेतात, आणि आवाज जितका मोठा तितका यजमान खूश. टोर्गनींनी अकरा शेवंडी ओढल्या. बाराव्या वेळी तोंडात रक्ताची चव आली.

पत्नी सोल्वेइग शेजारीच होत्या. त्यांनी हातरुमाल पुढे केला.

"कागदावर नळी लिहिलं होतं," टोर्गनी रुमालाआडून पुटपुटले.

"हो ना. आणि शेवंडीचं नाव नव्हतं म्हणून तू सुटलास. उद्या इल्वासमोर हीच वकिली कर."

मित्रांनो, ती रात्र मलाही जड गेली. माझ्या मानेशी टाका उसवला होता आणि मीठपाणी आत उतरले होते. सुरुवातीची पकड पेचाची असते, ती आट्यांच्या जोरावर टिकते. पण पहिल्या काही आठवड्यांत ती सैल होत जाते आणि हाडाची नवी पकड अजून यायची असते. नेमक्या त्याच काळात जंतू शिरले असते, तर मला उपटून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग पुन्हा सगळे पहिल्यापासून, आणि होळी तर हातची गेलीच असती.

सकाळी टोर्गनी खुर्चीत बसले आणि इल्वांनी विचारण्याआधीच त्यांनी कबूल केले. इल्वांनी हातमोजे चढवले.

"किती?"

"अकरा. बारावी अर्धी."

त्यांनी जखम धुतली, नवा टाका घातला. मग पेन काढून सूचनांच्या कागदावर हाताने एक ओळ वाढवली. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये हे सांगायलाच हवं होतं. आता कॉर्नेट घरात ठेवू नकोस. तुझा भरवसा नाही."

टोर्गनींनी कॉर्नेट खरोखरच रूने यांच्या स्वाधीन केला. ज्याला टोर्गनींची जागा दुसऱ्याला द्यावी लागणार होती, त्याच्याच कपाटात! सप्टेंबर गेला, अंधारे दिवस आले. पुढे लावलेला तात्पुरता दात दिसण्यापुरता होता. त्याने सफरचंदही चावायचे नव्हते. आत मात्र हाड पेशी-पेशीने माझ्या आट्यांत उतरत होते. मी काहीच केले नाही, फक्त हललो नाही. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम तेच.

जानेवारीत इल्वांनी हिरडी उघडली, झाकण काढले आणि हत्याराच्या दांड्याने मला हलकेच ठोकले. पेच सैल असेल तर आवाज बद्द येतो. माझा आवाज टणकन घुमला, थेट कवटीभर. टोर्गनींचे डोळे विस्फारले. संगीताचा कान होता त्यांचा. त्यांना निकाल इल्वांच्या आधी कळला. मग इल्वांनी जोर मोजणारा पाना लावला आणि ठरलेल्या पस्तीसच्या आकड्यापर्यंत जोर दिला. मी तसूभरही सरकलो नाही. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो लपवण्याचे मला आजही कारण दिसत नाही.

पुढे माप घेतले गेले, शेजारच्या दातांशी रंग जुळवून पांढरा दात माझ्यावर चढला. ओठ वाजवणे विसरले होते. त्यांना वळण लावायला सहा आठवडे गेले. एप्रिलच्या अखेरच्या संध्याकाळी, टेकडीवर होळी पेटलेली असताना, टोर्गनी आपल्या जागी उभे राहिले. एक वरचा स्वर फाटला. रूने म्हणाले, "दाताला दोष देऊ नकोस. हा तू आधीही चुकवायचास."

लोकांनी दाताचे कौतुक केले. खरा कोणता नि खोटा कोणता, हे कोणाला ओळखू आले नाही.

कौतुकापाठोपाठ उपेक्षाही आली. सहाव्या वर्षी टोर्गनींनी तपासणीला जाणे सोडले, कारण काही दुखत नव्हते. दातांच्या फटीतला ब्रश फडताळात वाळून गेला. हिरडी लाल झाली, ब्रश करताना रक्त येऊ लागले, आणि माझ्या वरच्या एका आट्याला धरून असलेले हाड झिजून गेले. सोल्वेइग यांनी त्यांना ओढून नेले, म्हणून झीज तिथेच थांबली. गेलेला आटा परत मिळाला नाही. उरलेल्यांवर मी आजही उभा आहे, आणि ब्याऐंशी वर्षांचे टोर्गनी आता दुसरा कॉर्नेट वाजवतात. तोही स्वतःच्या मर्जीने.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाच्या जबड्यात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कीड लागत नाही, हे खरे. पण तुमच्या दाताला जी नस असते, ती आम्हाला नसते. दात बिघडला की ठणकतो, मालकाला जागे करतो. आमच्याभोवतीचे हाड विरघळून जाईपर्यंत आम्ही गप्प उभे असतो, कारण हाक मारायला आमच्याकडे वेदनाच नाही. म्हणून रोज ब्रश फिरवताना आमच्या मुळाशी जरा थांबा. हाक ऐकू आली नाही, तरी बघायला या.