दहा उत्तरे

दिनांक ४ फेब्रुवारी १९८५, सोमवार, सकाळी अकरा वाजता, बालाघाट येथील एका कंपनीच्या कचेरीत उमाची इंग्रजीतून मुलाखत झाली. अपघातात गेलेल्या नवऱ्याच्या जागी तिला टंकलेखिकेची नोकरी मिळाली, तरच कंपनीची खोली तिच्याकडे राहणार होती.

निवृत्त शिक्षक बंडोपंतांनी दोन महिने तिच्याकडून दहा प्रश्नांची दहा उत्तरे घोटवून घेतली होती. उच्चारातील तिळमात्र चूक ते खपवून घेत नसत.

"प्रश्नच समजला नाई तं, गुरुजी?" तिने एकदा विचारले होते.

"क्रम मोज, बेटा. साहेब लोक क्रम सोडत नाहीत. तीस वर्षे पाहतो आहे."

साहेबांनी क्रम सोडला. कुशल विचारण्याऐवजी त्यांनी आधीच, हळुवार स्वरात, नवरा कसा गेला ते विचारले. उमाने शिकवल्याप्रमाणे किंचित हसून, निर्दोष इंग्रजीत पहिले उत्तर दिले: "ईश्वरकृपेने उत्तम. मी आपली आभारी आहे."

कोणी हसले नाही. दाराबाहेर बसलेल्या बंडोपंतांनी ते ऐकले आणि मान खाली घातली. साहेबांनी अर्ज मिटला आणि कारकुनाला सांगितले, "उच्चारण अच्छा है. अंग्रेजी नहीं आती."