उघडं फाटक

बोलता बोलता सलीलच्या उजव्या हाताची बोटं चाळवू लागतात, न दिसणारी साखळी आकड्यात अडकवून पुन्हा सोडवत असल्यासारखी. त्याच्या पाठीमागे ऑगस्टचा फिकट उजेड, क्षितिजापर्यंत पसरलेली तांबडी माती आणि वाऱ्याने सैल झालेल्या पत्र्याचा एकसुरी खडखडाट. माझा हा धाकटा भाऊ लहानपणी एका जागी बसायचा नाही. आता तो पायरीवर दुपार दुपार बसून असतो.

मेलबर्नमधली आयटीची नोकरी सोडून तो ब्रोकन हिल या दूरच्या गावाच्याही पलीकडच्या या पठारावर आला, तेव्हा आम्ही त्याला वेड्यात काढलं होतं. गुरांच्या या अफाट माळांना इथे स्टेशन म्हणतात. आगगाडी मात्र औषधालाही नाही. सौरपंप, टाक्या आणि गुरांचे हौद सांभाळणं हे त्याचं काम. मी त्याला फोनवर 'कोथरूडचा गवळी' म्हणून चिडवायचे, आणि तो खळखळून हसायचा.

इथले ऋतू आपल्या पंचांगाला जुमानत नाहीत. हिवाळ्यातल्या पहाटे हौदावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, आणि दुपारी तेच आभाळ इतकं निरभ्र, इतकं निर्विकार होतं की त्याच्याकडे काही मागावंसं वाटू नये. उन्हाळ्यात सावलीसुद्धा तापते, खुरट्या झुडपांची पानं राखाडी होतात, आणि ढग आलेच तर क्षितिजावर रेंगाळून, न बरसता निघून जातात. सलीलच्या चेहऱ्यावरही तसाच कोरडेपणा उतरला आहे. तो हसतो, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

या मुलखाचा एक दंडक आहे: फाटक जसं दिसेल तसंच मागे सोडायचं; उघडं तर उघडं, बंद तर बंद. सलीलला तो माहीत होता. पण बाबांनी आमच्या बंगल्यावर 'कृपया फाटक बंद करावे' अशी पाटी लावली होती, आणि फाटक उघडं राहिलं की घर डोक्यावर घ्यायचे. अशी वळणं डोक्यात नव्हे, हातात मुरतात. गेल्या जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, दिवसभर राबून परतताना त्याला वाटेत एक उघडं फाटक दिसलं. तो उतरला, साखळी लावली, आणि पंपाचा सुटा भाग आणायला शहरात गेला. गुरं फाटकापलीकडे राहिली, पाणी अलीकडे. दोन दिवसांनी तो परतला तेव्हा ती कुंपणाला लागून मरून पडली होती, तोंडं पाण्याच्या दिशेला. कित्येक गायींच्या पोटाशी वासरं होती.

स्टेशनची म्हातारी मालकीण जोन त्याला एका शब्दानेही बोलली नाही. "इट हॅपन्स, मेट," म्हणाली आणि ट्रॅक्टर काढायला गेली. ती रागावली असती, तर बरं झालं असतं. निदान त्याला रडता आलं असतं.

मी त्याला न्यायलाच आले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. मेलबर्नला, माझ्या क्रेगीबर्नच्या घरी खोली रिकामीच आहे. आई रोज विचारते, तिला काय सांगू?"

"ताई, उन्हाळा येतोय. यंदाही पाऊस नाही. जोनला एकटीला जमणार नाही."

"दुसरा कुणीतरी मिळेल की तिला."

"मिळेल. पण त्याला त्या फाटकाची भीती वाटणार नाही."

मला त्याचा संताप आला, आणि त्या संतापाच्या तळाशी निव्वळ धास्ती होती. हे प्रायश्चित्त नव्हे, हा पोरगा इथे हळूहळू वाळून चालला आहे, हे मला दिसत होतं. मी बोलले, रडले, आईची शपथ घातली. मग त्याने माझ्या गाडीत पाण्याचे कॅन भरले आणि टायर तपासले.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच अंतरावर फोनला रेंज आली, आणि लगेच आईचा आवाज. "निघालात का दोघं?"

"मी निघाले," म्हटलं.

माणूस गेलं की काळ हळूहळू त्याची आठवण घडवत जातो. पण जिवंत असून दुरावलेल्याच्या बाबतीत काळ काहीच करत नाही. तो खळखळून हसणारा मुलगा माझ्या आठवणीत आहे, तसाच राहील. पाठीमागे राहिला त्या माणसाची मात्र अजून माझ्याजवळ एकही आठवण नाही.