क्षमेचं भाषण आणि मी

मित्रांनो, भाषण करताना तुम्ही ज्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून उभे राहता, तो तिरप्या फळीचा लाकडी स्टँड म्हणजे मी. आज माझं पॉलिश उडालं आहे आणि एक पाय झिजल्यामुळे मी डुगडुगतो. पण एके काळी चर्चशेजारच्या सभागृहात माझ्याइतकी देखणी वस्तू दुसरी नव्हती, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

चर्चमधले जुने बाक बदलले, तेव्हा त्यांच्या लाकडातून एका सुताराने मला घडवलं. कागद घसरू नयेत म्हणून त्याने खालच्या कडेला पट्टी ठोकली, आत पाण्याच्या ग्लासासाठी कप्पा केला आणि माइकच्या वायरसाठी भोक पाडलं. पहिल्या दिवशी पाळकसाहेबांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. "याच्यामागे उभं राहून कुणी खोटं बोलू नये," असं ते म्हणाले. मागच्या रांगेतून एक आजोबा पुटपुटले, "मग निवडणुकीला हा कुणाला देऊ नका हं!" भर प्रार्थनेत हशा पिकला. पाळकसाहेबही हसले आणि मग सावरून आमेन म्हणाले.

तेव्हापासून मी खूप ऐकलं. लग्नातल्या शुभेच्छा ऐकल्या, शोकसभेत मध्येच तुटलेली वाक्यं ऐकली. समोर बसलेल्यांना बोलणाऱ्याचं तोंड दिसतं. मला त्याचे गुडघे दिसतात. तोंड हसत असतं आणि गुडघे लटपटत असतात, हे फक्त मलाच ठाऊक.

माझा सगळ्यात आवडता वार शनिवार. त्या दिवशी दुपारी भाषणबाई यायच्या. नाव त्यांना होतं, पण मुलं त्यांना भाषणबाईच म्हणत. चर्चच्या वार्षिक वक्तृत्व स्पर्धेसाठी त्या मुलांना भाषण लिहायला शिकवत. प्रेम, सेवा, क्षमा, प्रामाणिकपणा असे विषय असत. मुलं सुरुवातीलाच पवित्र शास्त्रातली वचनं ओळीने मांडून आणत आणि खाली मोठ्यांची वाक्यं उतरवत.

"वचन आधी लिहिलं की तुमचं डोकं सुट्टीवर जातं," बाई म्हणत. "आधी तुमच्या घरात काय घडलं ते लिहा. येशूची शिकवण तिथे कुठे भेटली ते शोधा. वचन आपोआप येईल."

त्यांची आणखी एक पद्धत होती. माझ्यासमोर त्या एक रिकामी खुर्ची ठेवत. भाषण सगळ्या जगासाठी लिहायचं नाही, त्या खुर्चीतल्या एका माणसासाठी लिहायचं. तो माणूस कोण, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

एकदा एक मुलगा म्हणाला, "बाई, माझ्या खुर्चीत माझी ताई बसलीय आणि ती मला बोलूच देत नाहीये."

"तिला सांग, इथे तरी गप्प बस!" बाई म्हणाल्या.

याच वर्गात टाचणी होती. बारीक अंगाची, टोचून बोलणारी, म्हणून टाचणी. त्या वर्षी तिने क्षमा हा विषय घेतला. सरावाच्या दिवशी ती माझ्यामागे उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात वाचू लागली. "माझे पप्पा पावाची गाडी चालवतात. एका सकाळी आमच्या अंगणात त्यांनी गाडी मागे घेतली, तेव्हा माझा धाकटा भाऊ चाकामागे होता. त्याचा पाय वाचला, पण चाल कायमची वाकडी झाली. आज, तुम्हा सर्वांच्या साक्षीने, मी माझ्या पप्पांना क्षमा करते. येशूने मला हे शिकवलं आहे."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "शाब्बास गं! याला म्हणतात खरं लिहिणं," त्या म्हणाल्या. मग मुलं घरी निघाली आणि बाई खिडक्या लावू लागल्या. एका खिडकीतून गेटवर उभी पावाची गाडी दिसली, तशा त्या थबकल्या आणि त्यांनी टाचणीला हाक मारली.

"पप्पा येणार आहेत का गं ऐकायला?"

"हो ना! एरवी ते आत येतच नाहीत, गेटवर गाडीत बसून राहतात. मीच हट्ट धरला. या वेळी येतो म्हणालेत."

"तू काय बोलणार ते माहीत आहे त्यांना?"

"छे! सरप्राइज आहे."

बाई त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या. "आता मी पप्पा. बोल."

"माझ्या पप्पांनी एका सकाळी..."

"मी समोर बसलोय की. ‘तुम्ही’ म्हण."

"पप्पा, तुम्ही गाडी मागे..." टाचणीचा आवाज तिथेच अडला. वाचताना न थरथरलेले तिचे गुडघे आता माझ्या लाकडावर आपटत होते. मग ती चिडली. "बाई, तुम्हीच म्हणालात ना, खरं लिहा!"

"म्हणाले. पण मी अर्धंच शिकवलं गं. खरं आधी कुणाजवळ बोलायचं, ते शिकवायचं राहिलं." बाईंचा आवाज उतरला होता. "पप्पांनी कधी माफी मागितली?"

"ते त्याबद्दल बोलतच नाहीत."

"आणि तू त्यांच्याशी?"

"बोलते की. डबा घ्या. चावी द्या. तेवढंच."

"मग त्यांना क्षमा केलीस कधी?"

टाचणीने कागद माझ्या फळीवर उलटा ठेवला. "भाषणात," ती म्हणाली.

बाई तिच्याजवळ आल्या. "तू इथून क्षमा केलीस की लोक टाळ्या वाजवतील. सगळ्या माना त्यांच्याकडे वळतील. त्या वेळी तुझ्या पप्पांनी कुठे बघायचं, बाळा?"

टाचणीच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. "मग मी पप्पांचं नाव काढून टाकू?"

"ते तू ठरव. आधी घरी जा."

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. टाचणीचे पप्पा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले होते. शेजारी धाकटा, एका पायात जाड तळव्याचा बूट. टाचणी माझ्यामागे आली, तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. मित्रांनो, लाकडाला छाती नसते, पण त्या क्षणी माझी धडधडत होती.

"माझा विषय क्षमा," ती म्हणाली. "मी एक छान भाषण लिहिलं होतं. त्यात मी एका माणसाला क्षमा केली होती. पण घरात मी त्या माणसाशी धड बोलतही नव्हते. म्हणून काल मी त्यांच्याजवळ गेले. क्षमा करायलाच गेले होते, पण तोंडून निघालं, मला माफ करा. पुढे आम्ही काय बोललो ते मी सांगणार नाही. ते आमच्या घरातलं आहे. मला वाटायचं, क्षमा ही उंचावर उभं राहून खाली द्यायची गोष्ट आहे. पण येशू तर शिष्यांचे पाय धुवायला स्वतः खाली बसला होता. मला एवढंच कळलंय. माझं भाषण संपलं."

टाळ्या पडल्या, पण बिचकत बिचकत. परीक्षकांनी भाषण फारच लहान झाल्याचं सांगितलं आणि बक्षीस दुसऱ्या मुलाला गेलं. टाचणीने त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या.

समारंभानंतर लोक पांगले. टाचणीचे पप्पा मात्र गेटकडे गेले नाहीत. इतर पुरुषांबरोबर ते खुर्च्या उचलू लागले. "अहो पाववाले, हा स्टँड जरा तिकडून धरता का?" एकाने विचारलं. त्यांनी मला धरलं. गाडीच्या स्टिअरिंगला सरावलेला तो दणकट हात माझ्या घामाने ओल्या झालेल्या कडेवर, जिथे बोलताना त्यांच्या मुलीचा हात होता तिथे, थोडा जास्तच वेळ राहिला. धाकटा मागून ओरडला, "पप्पा, सावकाश हं!" खुर्च्या उचलणारे वळून बघू लागले. मग पप्पाच म्हणाले, "हो रे राजा. तू पुढे होऊन मला वाट दाखव." आणि तो, आपल्या वाकड्या चालीने, आमच्या पुढे चालू लागला.

आता नवं सभागृह झालं आहे. बिनवायरचा माइक हातात धरून मुलं रंगमंचभर फिरत बोलतात. मी कोठीच्या खोलीत रंगाच्या डब्यांशेजारी उभा आहे. कुणी माझ्यावर ओलं फडकं वाळत घालतं, त्याने लाकूड फुगतं. कधी जमलं तर ते काढा आणि आखूड पायाखाली एक चकती घाला, म्हणजे मी पुन्हा तुमच्या कामाला येईन.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, तुम्ही प्रेमावर लिहा, क्षमेवर लिहा, वचनं पाठ करा. फक्त ज्या माणसामुळे तुम्हाला ते लिहावंसं वाटलं, त्याच्या डोळ्यांत बघून ते वाक्य आधी म्हणून बघा. म्हणता आलं नाही, तर कागद ठेवून द्या आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. स्पर्धा पुढच्या वर्षीही येते. घरातलं माणूस मात्र वाट बघत असतं आणि तसं बोलून दाखवत नाही.