दाराची कुरकुर

गावच्या चर्चचं दार म्हणजे पक्कं चुगलखोर. पणजोबांच्या पिढीनं डोक्यावरून दगड वाहून चर्च उभं केलं, तेव्हापासून ते कुरकुरत होतं. उशिरा येणाऱ्याची दवंडीच पिटायचं. आणि उशीर ठरलेला तो बेकरीवाल्याचा. रविवारी भट्टीतला शेवटचा पाव निघाल्याशिवाय त्याचा पाय घरातून निघत नसे. प्रवचन ऐन रंगात आलं की दार कुरकुरे, फादर थांबत, सगळ्या माना मागे वळत. "आलं वरातीमागून घोडं," कुणीतरी पुटपुटे. बाकाच्या कडेला बसलेली त्याची बायको शरमेनं अर्धमेली होऊन आत सरके. मग शेजारी ताज्या पावाचा वास येऊन बसे.

पुढं छताला वाळवी लागली, गिलाव्याचे पोपडे पडू लागले. चर्च दुरुस्तीला काढलं आणि रविवारची प्रार्थना, मिस्सा, शाळेत होऊ लागली. त्याच काळात बेकरीवाला वारला. "जन्मात एकदा लवकर गेले, तेही असे," बायको म्हणाली आणि ढसाढसा रडली.

दाराचं काम तिच्या सुतार भाच्याकडे होतं.

"बाळा, सगळं नवं कर. त्या बिजागऱ्यांना तेवढा हात लावू नकोस."

"आत्या, गंजून पार खिळखिळ्या झाल्यात त्या. उद्या दार कुणाच्या अंगावर पडलं म्हणजे?"

"जन्मभर त्या मेल्या आवाजाची लाज वाटली रे. आता तेवढाच उरलाय."

भाच्याचा जीव तुटला, पण इलाज नव्हता. त्यानं बिजागऱ्या बदलल्या. तिनं त्याच्याशी अबोला धरला.

चर्च उघडलं त्या रविवारी पोपड्यांखाली सापडलेला जुना निळा रंग छतावर परत आला होता, पणजोबांचे दगड धुऊन उजळले होते. लोक हरखून वर बघत होते. तिचं लक्ष दाराकडे. ते जराही आवाज न करता उघडत होतं, मिटत होतं.

म्हातारे फादर प्रवचनात रंगले आणि ऐन रंगात, नेहमीच्या वेळेला, आपसूक थांबले. कसलाच आवाज झाला नव्हता. तरी सगळ्या माना मागे वळल्या. दारात कुणी नव्हतं. फादर ओशाळले, त्यांना पुढचा शब्द सापडेना. भाच्यानं मान खाली घातली.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आपण केव्हाच आत सरकून बसलोय. बाकाची कड मोकळी होती. तिनं डोळे पुसले.

"चालू द्या, फादर," ती म्हणाली. "आलेत हे."